उडत्या नौकांचें उतारवय

विमान म्हटलें म्हणजे धांवपट्टी आलीच, अशी आजच्या मनुष्याची समजूत होऊन बसली आहे. परंतु विमानाचें आणि जमिनीचें हें नातें वाटतें तितकें जुनें नाहीं. विमानविद्येच्या पहिल्या तीन-चार दशकांत जगांतील कित्येक मोठीं विमानें जमिनीवरून नव्हे तर पाण्यावरून उडत, आणि पुन्हां पाण्यावरच उतरत. पृथ्वीच्या पाठीचा जवळजवळ पाऊण भाग जलमय आहे. जेथें शांत खाडी, रुंद नदी किंवा लांबरुंद तलाव असेल तेथें निसर्गानेंच विमानतळ बांधून ठेवला आहे. त्याला ना खडी लागते ना रोलर. या साध्या विचारांतून ‘उडती नौका’ जन्मास आली, तिनें महासागर ओलांडले, युद्धें पाहिलीं, आणि एका पिढीच्या आंतच ती मागें पडली. आज हजारोंपैकीं फारच थोड्या नौका उरल्या आहेत, आणि त्यांतून हवेंत उडूं शकणाऱ्या त्याहून थोड्या. त्या कोणत्या, त्याच कां वांचल्या, आणि त्यांना उडतें ठेवण्यासाठीं काय मोल द्यावें लागतें, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटविला पाहिजे. पाण्यावर उतरणारीं सर्वच विमानें उडत्या नौका नव्हेत. कांहीं विमानांना चाकांच्या जागीं दोन लांबट पोकळ होड्या जोडलेल्या असतात. त्यांचें मुख्य धड पाण्याला शिवत नाहीं. त्यांना तरंडीविमानें म्हणावें. उडत्या नौकेचें धड हेंच नौका असतें. तिचें पोट पाण्यांत बसतें, आणि पंखांच्या टोकांशीं असलेल्या लहान तरंड्या केवळ तोल सांवरण्यासाठीं असतात. तिसरा प्रकार उभयचरांचा. त्यांना नौकेचें पोटही असतें आणि आंत ओढून घेतां येणारीं चाकेंही असतात. बेडकाप्रमाणें दोन्ही ठिकाणीं त्यांची सोय. हा शेवटचा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. कोण जगलें आणि कोण गेलें याचा निकाल पुष्कळ अंशीं त्या चाकांनींच लावला.

या नौकेचें पोट साध्या होडीसारखें गुळगुळीत केलें तर ती उडणारच नाहीं. पाणी हें जड आणि चिकट. भिजलेल्या दोन कांचा एकमेकींवर ठेवल्या तर त्या सहजासहजीं सुटत नाहींत, हा अनुभव घरोघरचा आहे. तशीच ओढ पाण्याची नौकेच्या तळाला असते. म्हणून तळाच्या मध्याच्या जवळपास आडवी एक पायरी केलेली असते. वेग वाढला म्हणजे या पायरीशीं पाणी तळापासून तुटतें, मागच्या भागाखालीं हवा शिरते, आणि नौका पाण्यांत न राहतां पाण्यावर घसरूं लागते. मुलें चपटा खडा तिरकस फेंकून त्याला तळ्यावर टप्पे घ्यावयास लावतात, त्यांतलें तत्त्व हेंच. घर्षण एकदम कमी होतें, वेग झपाट्यानें चढतो, आणि मग पंख आपलें काम करतात. यांत एक गंमत आहे. अगदीं आरशासारखें निश्चल पाणी हें वैमानिकाला सोयीचें नसून गैरसोयीचें. उडतांना तें तळ सोडत नाहीं, आणि उतरतांना त्याची उंची डोळ्यांना कळत नाहीं. आकाश खालीं कीं वर असा भ्रम होतो. बारीक लाटांची चुळबूळ असलेलें पाणीच या नौकांना मानवतें.

इ. स. १९१० च्या मार्च महिन्यांत आंरी फाब्र या फ्रेंच गृहस्थानें दक्षिण फ्रान्समधील एका खाऱ्या सरोवरावरून आपलें यंत्र उडविलें. आपल्या शक्तीनें पाण्यावरून उडालेलें तें पहिलें विमान. पण तें तरंड्यांचें होतें. खऱ्या अर्थानें नौकेचें पोट असलेलें विमान १९१२ सालीं अमेरिकेंत ग्लेन कर्टिस यानें सिद्ध केलें. पुढें सातच वर्षांनीं, १९१९ च्या मे महिन्यांत, ‘एन्-सी-४’ नांवाची अमेरिकन आरमाराची उडती नौका मुक्काम करीत करीत अटलांटिक ओलांडून पोर्तुगालांत लिस्बनला पोहोंचली. विमानानें अटलांटिक प्रथम ओलांडला तो असा, नौकेच्या पोटावर बसून. एंजिन दगा देईल तर निदान पाण्यावर तरंगतां तरी येईल, हा त्या काळच्या प्रवाशाला मोठाच दिलासा होता.

हिंदुस्थानचा या कथेशीं संबंध आहे, आणि तो मनोरंजक आहे. १९३६ सालीं इंग्लंडांतील शॉर्ट बंधूंच्या कारखान्यानें ‘एंपायर’ जातीची चार एंजिनांची उडती नौका तयार केली. इंपीरिअल एअरवेज कंपनीनें साम्राज्याची टपाल आणि प्रवासी वाहण्यासाठीं त्या घेतल्या. १९३८ पासून त्या साउदॅम्प्टनहून थेट सिडनीपर्यंत जाऊं लागल्या. या प्रवासाला नऊ-दहा दिवस लागत. कराचीनंतर कलकत्त्यापर्यंत त्यांना समुद्र नव्हता. म्हणून त्या मेवाडांत राजसमंद तलावावर उतरत, मग ग्वाल्हेरच्या तलावावर, मग अलाहाबादेस नदीवर. सतराव्या शतकांत महाराणा राजसिंहानें बांधविलेल्या सरोवरावर लंडनहून आलेली नौका आकाशांतून उतरावी, हा योग विलक्षण खरा. अशा एकंदर ४२ नौका बांधल्या गेल्या. त्यांपैकीं आज एकही शिल्लक नाहीं. उडणारी नाहींच, पण पदार्थसंग्रहालयांत ठेवलेलीसुद्धां नाहीं. कांहीं अपघातांत गेल्या, कांहीं युद्धांत, आणि उरलेल्या मोडींत निघाल्या. उडत्या नौकांच्या इतिहासांतील अतिशय देखणें प्रकरण असें निर्वंश झालें.

ज्या जातीचा वंश टिकला ती दिसावयास फारशी देखणी नव्हे. तिचें नांव कॅटेलिना. अमेरिकेंतील कन्सॉलिडेटेड कंपनीच्या आयझॅक लॅडन या अभियंत्यानें ती आंखली, आणि १९३५ च्या मार्चमध्यें ती प्रथम उडाली. तिचा एकशें चार फुटी पंख धडाला चिकटलेला नसून एका जाड खांबावर छपरासारखा उचललेला आहे, म्हणजे एंजिनें पाण्याच्या फवाऱ्यापासून दूर राहतात. दोन एंजिनें प्रत्येकीं बाराशें अश्वशक्तीचीं. टोकांच्या तरंड्या उडाल्यावर वर वळतात आणि पंखाचींच टोकें होऊन बसतात. वेगाच्या बाबतींत ती मंद; तासाला सव्वाशें मैलांच्या आसपास रमतगमत जावयाची. परंतु वीस-वीस तास हवेंत राहण्याची तिची चिकाटी दुसऱ्या कोणांत नव्हती. पुढें तिला चाकें बसवून उभयचर केलें. अमेरिका आणि कॅनडा येथील कारखान्यांतून तीन हजारांहून अधिक कॅटेलिना बाहेर पडल्या. कॅनडांत त्यांना कॅन्सो म्हणत.

दुसऱ्या महायुद्धांत शोधणें, पाहणें आणि कळविणें हें तिचें काम. १९४१ च्या मे महिन्यांत पळत्या ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचा पत्ता अटलांटिकवर लावला तो कॅटेलिनानें. ४ एप्रिल १९४२ रोजीं सिलोनच्या दक्षिणेस शेंकडों मैलांवर कॅनडाच्या लेनर्ड बर्चल या वैमानिकास जपानी आरमाराचा मोठा तांडा दिसला. त्याची नौका शत्रूच्या विमानांनीं पाडली, तो कैद झाला. पण पडण्यापूर्वीं त्याच्या तारायंत्रज्ञानें संदेश धाडला होता. दुसऱ्या दिवशीं कोलंबोवर हल्ला आला तेव्हां तें बंदर गाफील नव्हतें. त्याच देशाचा डेव्हिड हॉर्नेल याची कथा अधिक करुण आहे. २४ जून १९४४ रोजीं शेटलंड बेटांच्या उत्तरेस त्यानें एका पाणबुडीवर झडप घातली. पाणबुडी बुडाली, पण तिच्या तोफांनीं त्याचेंही विमान पेटलें. आठ माणसें आणि वापरण्याजोगी होडी एकच. बर्फासारख्या पाण्यांत त्यांनीं सुमारें एकवीस तास काढले. दोघे त्या वेळांतच गेले, आणि सुटका झाल्यावर थोड्याच वेळांत हॉर्नेलही गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. कॅनडांत हॅमिल्टन येथील युद्धविमानांच्या संग्रहालयानें आपली एक कॅन्सो त्याच्या स्मरणार्थ वाहिली आहे.

या जातीचा लांबांत लांब पराक्रम मात्र शांतपणाचा आहे. सिंगापूर पडल्यावर ऑस्ट्रेलियाचा हवाई मार्ग तुटला. तेव्हां १९४३ च्या मध्यापासून क्वांटास कंपनीनें पर्थहून सिलोनांतील कोग्गला तलावापर्यंत पांच कॅटेलिना चालविल्या. मध्यें साडेतीन हजार मैलांचा हिंदी महासागर. शत्रूच्या भयानें बिनतारी यंत्र मुकें. मार्ग दाखविणारे केवळ तारे. म्हणून त्या पांचही नौकांना ताऱ्यांचींच नांवें दिलीं होतीं : आपल्याकडील अभिजित, श्रवण, चित्रा, ज्येष्ठा आणि मृगांतला राजन्य या ताऱ्यांचीं तीं युरोपीय नांवें. एका फेरीस सत्तावीस ते तेहतीस तास लागत. इंधनाच्या ओझ्यामुळें प्रवासी फार तर तीन, आणि थोडी टपाल. एकाच प्रवासांत सूर्य दोनदां उगवतांना दिसे. युद्ध संपेपर्यंत अशा २७१ फेऱ्या झाल्या. आणि इतकें करून त्या नौकांचें काय झालें? उसनवारीच्या करारानें आलेला माल म्हणून युद्धानंतर त्या समुद्रांत बुडविण्यांत आल्या.

त्यांच्यावरच असा प्रसंग आला असें नाहीं. युद्धानेंच उडत्या नौकेचें प्रयोजन संपविलें. बाँबफेकी विमानांसाठीं जगभर सिमेंटच्या लांब धांवपट्ट्या बांधल्या गेल्या होत्या. त्या शांततेच्या काळांत आयत्याच हातीं आल्या. जमिनीवरच्या विमानाला पाणी कापणारें जड पोट वागवावें लागत नाहीं. त्यामुळें तें अधिक वेगानें, अधिक उंच आणि कमी खर्चांत जातें. रात्रीं दिव्यांच्या रांगांत तें उतरूं शकतें. पाण्यावर ओंडका तरंगत आहे काय, एखादी होडी आडवी येत आहे काय, ही चिंता त्याला नाहीं. इंग्लंडच्या सरकारी कंपनीनें १९५० सालीं उडत्या नौकांची वाहतूक बंद केली. मग प्रश्न उरला तो इतकाच, कीं उरलेल्या नौका कोणाच्या कामाच्या?

येथें एक नियम दिसून येतो. जुनें यंत्र केवळ कौतुकावर जगत नाहीं. त्याला काम मिळालें तरच तें जगतें. कॅटेलिनाला कामें मिळालीं. ब्राझीलच्या रानांत, अलास्कांत, पॅसिफिक बेटांवर तिनें माणसें आणि माल वाहिला. कॅनडा, अमेरिका आणि युरोप यांतील जंगलांना वणवे लागत. तेथें तळ्यावरून घसरत जातां जातां पोटांतील टाक्यांत पाणी भरून घ्यावयाचें आणि आगीवर ओतावयाचें, ही कामगिरी तिनें कित्येक दशकें केली. चाकें असल्यानें दुरुस्तीसाठीं ती कोणत्याही विमानतळावर जाऊं शके. ज्या थोड्या कॅटेलिना आज उडूं शकतात, त्यांतील पुष्कळ एके काळीं या अग्निशामक दलांतल्या. तरीही तीन हजारांतून उडणाऱ्या आज दोन डझनही नाहींत.

याउलट सातशेंहून अधिक बांधल्या गेलेल्या शॉर्ट सुंदरलंड जातीचें पाहावें. ती मोठी, चार एंजिनांची, बहुतेक निव्वळ नौका, चाकें नाहींत. त्यांतील एक, १९४४ च्या सुमाराची, प्रथम ब्रिटिश वायुदलांत, मग न्यूझीलंडच्या वायुदलांत, मग सिडनीहून लॉर्ड हाउ बेटावर प्रवासी नेण्याच्या कामावर होती. त्या बेटावर १९७४ सालीं धांवपट्टी झाली आणि काम संपलें. तेथून ती वेस्ट इंडीजकडे, मग इंग्लंडला आणि शेवटीं १९९३ सालीं अटलांटिक ओलांडून फ्लॉरिडांतील पोक सिटी येथें एका संग्राहकाकडे गेली. त्यानंतर ती दीर्घकाळ छपराखालीं उभी आहे. तिच्या जातीची उडणारी अशी दुसरी कोणी उरली नाहीं.

सर्वांत भव्य कथा मार्टिन मार्स या नौकांची. पंखांचा विस्तार दोनशें फूट. अमेरिकन आरमारानें युद्धकाळांत त्या मागविल्या आणि पॅसिफिकवर मालवाहतुकीस लावल्या. प्राथमिक नमुना धरून अशा सातच बांधल्या गेल्या. १९५९ सालीं उरलेल्या चार मोडींत जावयाच्या, तोंच डॅन मॅकआयव्हर या कॅनेडियन वैमानिकाच्या आग्रहावरून ब्रिटिश कोलंबियांतील लांकडाच्या व्यापारी कंपन्यांनीं त्या एकत्र येऊन विकत घेतल्या. व्हँकूव्हर बेटावरील स्प्रोट सरोवरावर त्यांचा तळ पडला. सुमारें अर्ध्या मिनिटांत सरोवरावरून घसरत सत्तावीस हजार लिटर पाणी भरावयाचें आणि तें वणव्यावर एकदम ओतावयाचें! १९६१ सालीं एक नौका चार माणसांसह आगीच्या कामावरच कोसळली. पुढच्याच वर्षीं दुसरी वादळानें उचलून आपटली. उरलेल्या दोघींनीं मात्र पन्नास वर्षें रानें वांचविलीं. ज्या झाडांसाठीं त्यांना विकत घेतलें होतें तीं झाडें पिढ्यान् पिढ्या उभीं राहिलीं.

परंतु काम संपलें म्हणजे प्रश्न पुन्हां तोच. शेवटीं मालकांनीं शहाणपणाचा मार्ग धरला. ‘हवाई मार्स’ ११ ऑगस्ट १९२४ नव्हे, तर पाऊण शतकाहून अधिक आयुष्य पाहून, ११ ऑगस्ट २०२४ रोजीं आपल्या सरोवरावरून शेवटची उडाली. कॅनडाच्या वायुदलाचीं नऊ कसरती विमानें तिच्या सोबतीला होतीं. सिडनी या ब्रिटिश कोलंबियांतील गांवच्या संग्रहालयांत ती विसावली. तिची बहीण ‘फिलिपीन मार्स’ फेब्रुवारी २०२५ मध्यें ॲरिझोनांतील एका सरोवरावर उतरली आणि ट्यूसॉन येथील पिमा संग्रहालयाकडे गेली. मार्स जातीचें उड्डाण त्या दिवशीं संपलें. पण त्यांचीं शरीरें वांचलीं, आणि एंपायर नौकांशीं तुलना केली म्हणजे हें भाग्य लहान नव्हे.

लहान आकाराच्या उभयचरांना अधिक आयुष्य लाभलें. १९३७ सालीं न्यूयॉर्कजवळच्या धनिकांना आपल्या बंगल्याहून थेट शहराच्या धक्क्यावर जातां यावें म्हणून ग्रमन कंपनीनें ‘गूस’ म्हणजे हंस बांधला. युद्धानें त्याला शिपाई केलें, आणि युद्धानंतर तो अलास्का व ब्रिटिश कोलंबिया येथील बेटांवर लांकूडतोडे, कोळी आणि टपाल नेऊं लागला. अशीं ३४५ विमानें निघालीं, आणि एकविसाव्या शतकांतही त्यांतील कांहींनीं रोजच्या पोटापाण्यासाठीं उड्डाणें केलीं. याच कंपनीच्या ‘मॅलर्ड’ जातीचीं १९४६ नंतर ५९ विमानें झालीं. ऑस्ट्रेलियांत मोत्यांच्या व्यापाऱ्यांनीं तीं समुद्रावरच्या आपल्या माणसांची ने-आण करण्यास वापरलीं.

आतां या विषयाची जी बाजू कौतुकांत झांकून जाते ती पाहिली पाहिजे. १९ डिसेंबर २००५ रोजीं मायामीच्या बंदरावरून प्रवासी घेऊन निघालेल्या अशाच एका मॅलर्डचा उजवा पंख उडाल्यावर थोड्याच वेळांत गळून पडला. विमानांतील वीसही माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत तान्हीं मुलेंही होतीं. तें विमान १९४७ सालचें होतें. चौकशींत आढळलें कीं, पंखाच्या आंतील आधारांना पडलेल्या भेगा वाढत वाढत गेल्या होत्या, आणि देखभालींत त्यांचें मूळ शोधून काढलें गेलें नव्हतें. तार पुन्हांपुन्हां वाकविली म्हणजे ती एके ठिकाणीं तुटते; एका वाकविण्यानें तिला कांहीं होत नाहीं, पण प्रत्येक वाकविण्याचा हिशेब ती आंतल्या आंत ठेवीत असते. विमानाच्या पंखाचें तेंच आहे. प्रत्येक उड्डाण, पाण्यावरचा प्रत्येक आघात, त्या हिशेबांत जमा होतो.

त्यांत भर खाऱ्या पाण्याची. विमानाच्या ॲल्युमिनियममध्यें बळकटीसाठीं थोडें तांबें मिसळलेलें असतें, आणि त्यामुळेंच तो धातु गंजास लौकर बळी पडतो. म्हणून त्या पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर देतात. पितळेच्या भांड्याला कल्हई करावी, तसाच हा प्रकार. कल्हई उडालेल्या भांड्यांत ताक ठेवलें तर तें कळकतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. विमानाचा हा थर ओरखड्यांनीं गेला आणि तेथें समुद्राचें पाणी बसलें तर पत्रा आंतून भुगा होऊं लागतो, आणि वरचा रंग मात्र चकचकीत दिसत राहतो. म्हणून समुद्रावरून आल्यावर नौका गोड्या पाण्यानें आंतबाहेर धुवावी लागते; हजारों रिवेटांच्या ओळी तपासाव्या लागतात; तळाच्या कप्प्यांत पाझरलेलें पाणी उपसावें लागतें. उडण्याच्या एका तासामागें खालीं कित्येक तासांची मेहनत असते. सुटे भाग कारखान्यांत मिळत नाहींत. ते हातानें घडवावे लागतात. आणि जुन्या एंजिनांना लागणारें उंची पेट्रोल सर्वत्र मिळत नाहीं. याच कारणांनीं आजच्या बहुतेक जुन्या नौकांचे रक्षक त्यांना चाकांवर, जमिनीवरून उडवितात, आणि पाण्यावर क्वचितच उतरवितात. जिचा जन्म पाण्यासाठीं तिलाच पाणी वर्ज्य करावें, ही या उतारवयाची अट आहे.

पाण्यावर उतरल्यास काय होऊं शकतें हें इंग्लंडांतील डक्सफर्ड येथील ‘मिस पिक अप’ या कॅटेलिनानें दाखविलें. मूळची ही कॅनडाच्या वायुदलांतील. १९२२ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे ऑक्टोबर २०२२ मध्यें, ती स्कॉटलंडांतील लॉक नेस सरोवरावर उतरली आणि पुन्हां उडावयाच्या वेळीं तिचें एक एंजिन सुरूच होईना. जमिनीवर अशा वेळीं यंत्र उभें राहतें; पाण्यावर तें वाहत जातें. संकटविमोचक होड्यांनीं तिला ओढून आडोशास नेलें. कांहीं दिवस तिला बोयाला बांधून ठेवावें लागलें, लोकांनीं वर्गणी जमविली, आणि शेवटीं क्रेननें तिला उचलून किनाऱ्यावर ठेवलें. दुरुस्ती होऊन ती उडत घरीं परतली. अडचण एका एंजिनाच्या सुरू होण्याची. तिच्यासाठीं दोन आठवडे आणि एक गांव कामाला लागलें!

याहूनही विलक्षण हकीकत कॅनडांतील फेअरव्ह्यू या आल्बर्टा प्रांतांतील खेड्याची आहे. २००१ सालीं एक जुनी कॅन्सो उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे, इनुविकजवळच्या सरोवरांत अपघात होऊन बुडाली. तिला बाहेर काढलें, एंजिनें व उपयुक्त भाग काढून घेतले आणि सांगाडा तसाच तीरावर सोडून दिला. कांहीं वर्षांनीं फेअरव्ह्यूच्या कांहीं शेतकऱ्यांनीं व त्यांच्या स्नेह्यांनीं तो सांगाडा मिळविला. गोठलेल्या प्रदेशावरून ओढीत, मग मॅकेंझी नदीवरून तराफ्यावर, मग रस्त्यानें, असा त्यांनीं तो घरीं आणला. नांगर आणि मळणीयंत्रें दुरुस्त करणारे ते हात; त्यांनीं वर्षानुवर्षें फावल्या वेळांत पत्रे ठोकले, भाग जमविले, एंजिनें बसविलीं. १९१७ चें नव्हे, तर २०१७ चें वर्ष उजाडलें तेव्हां ती कॅन्सो पुन्हां आकाशांत गेली. सरकारनें नव्हे, श्रीमंत संग्राहकानें नव्हे, तर एका खेड्यानें ती उडविली.

ऑस्ट्रेलियांतील एका स्वयंसेवी संस्थेनेंही आपली कॅटेलिना काळ्या रंगांत रंगवून उडती ठेवण्याचा उद्योग केला. युद्धांत रात्रीं शत्रूच्या बंदरांत सुरुंग पेरणाऱ्या नौका काळ्या असत, त्यांची ती आठवण. जर्मनींत क्लॉड डॉर्निए यांच्या नातवानें आजोबांच्या १९३७ सालच्या ‘डी-ओ २४’ या तीन एंजिनी नौकेचा एक अवशेष पुन्हां उडविला. मात्र त्याला १९८३ सालींच नवा पंख आणि नवीं टर्बाइन एंजिनें बसविलेलीं होतीं. मूळचें किती उरलें म्हणजे वस्तु जुनी म्हणावी, हा प्रश्न येथें उभा राहतो. कॅन्सोमध्येंही पत्रे बदललेले, रिवेट नवे, तारा नव्या. पण देवळाचा जीर्णोद्धार करतांना दगड बदलले म्हणून देऊळ निराळें झालें असें कोणी मानीत नाहीं. आंखणी तीच, जागा तीच आणि परंपरा अखंड असली म्हणजे पुरे.

तरी एक वाद शिल्लक राहतोच. उडवावें कीं जपावें? आपल्याकडे गोव्यांत नौदलाच्या विमान-संग्रहालयांत ‘शॉर्ट सीलंड’ जातीचें एक उभयचर विमान आहे. १९५३ सालीं भारतीय नौदलानें अशीं दहा घेतलीं, आणि नौदलाच्या हवाई शाखेचा आरंभ त्यांच्यापासून झाला. तें विमान आतां उडत नाहीं. परंतु शाळेंतला मुलगा त्याच्या तळाची पायरी डोळ्यांनीं पाहूं शकतो, आणि पाठ्यपुस्तकांतली दहा पानें त्याला एका नजरेंत समजतात. उडत असतें तर कदाचित् एव्हांना तें नाहींसेंही झालें असतें. संग्रहालयवाल्यांचें हें म्हणणें खोटें नाहीं. अखेरचा नमुना आकाशांत पणाला लावणें हें धाडस नव्हे, उधळेपणा आहे.

पण दुसरी बाजूही खरी आहे. तंबोरा खुंटीला टांगून ठेवला तर लांकूड टिकतें, सूर मात्र जातो. नौकेचा पत्रा संग्रहालयांत राहतो. परंतु आरशासारख्या पाण्यावर ती कशी उतरवावी, पायरीवर कशी आणावी, एंजिनाच्या आवाजांतला फरक कसा ओळखावा, ही विद्या कागदावर राहत नाहीं. ती हातांतून हातांत जाते, आणि शेवटची नौका खालीं बसली म्हणजे शेवटच्या हातांबरोबर संपते. म्हणून ज्या जातीचे नमुने पुरेसे उरले आहेत त्यांतील कांहीं उडावेत, आणि जिचे एक-दोनच उरले ती विसावावी, ही वांटणी न्याय्य दिसते. कॅटेलिनानें उडावें आणि मार्सनें विश्रांति घ्यावी, असें जें घडून आलें तें याच न्यायाला धरून आहे.

मात्र उडविणाऱ्यानें मायामीची ती सकाळ-दुपार विसरूं नये. प्रेमानें भेग बुजत नाहीं. ती शोधूनच काढावी लागते. जुन्या यंत्रावरील खरी भक्ति म्हणजे त्याच्याकडे कठोर नजरेनें पाहणें, आणि शंका आली त्या दिवशीं उड्डाण रद्द करण्याचें धैर्य ठेवणें. हें धैर्य जोंवर माणसांत आहे, तोंवर कोठेंतरी एखाद्या तळ्यावर पाण्याची पांढरी रेघ लांबत जाईल, ती एकाएकीं तुटेल, आणि एक जुनी नौका, पंखांच्या टोकांवरून थेंब गाळीत, पुन्हां एकदां वर उचलली जाईल.